‘औंदा लई थकल्या’

...फलकावर विषय जड लिहिलाय, ‘तातडीने दाखल झालेल्या वृद्धांमधील फ्रेल्टीचे मूल्यमापन’. फ्रेल्टीला मराठीत काय म्हणायचं, असं संयोजकांनी विचारलं. त्यासाठी कोश नको, लातूरच्या कुठल्याही अपघात विभागाच्या दारात उभे राहा. औशाकडून, निलंग्याकडून जीप येते, मागच्या सीटवर सासू आडवी, आणि सून उतरता उतरता सांगते, “डॉक्टर, औंदा लई थकल्या बघा.” हाच तो शब्द, थकणं, म्हणजे अंगातला राखीव जोर आटणं, साध्या आजारानंही माणूस खचणं. म्हातारपण वेगळं, थकणं वेगळं. आणि ‘औंदा’ म्हणजे, मागच्या साली अशा नव्हत्या! सुनेनं अर्धं निदान केलेलं असतं. आपण ताप, बीपी, ऑक्सिजन लिहितो. तिचं वाक्य लिहीत नाही.

वय तरी कुठं नीट लिहितो? ज्यांच्या घरातल्या आजी-आजोबांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी आहे, त्यांनी हात वर करा. (हशा) बघा, अर्धं सभागृह! आपले म्हातारे वय सांगतात ते असं : “रझाकाराच्या वेळी मी रांगत होतो.” “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तवा थोरला पोटात होता.” हा हिशेब ज्याला येतो तोच इथला डॉक्टर.

आता माझ्या आईचं सांगतो. त्या वेळी मी परगावी होतो. रात्री धाप लागली म्हणून भावानं तिला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया होता, औषधं बरोबर दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण दाखल करताना केसपेपरवर एक शब्द पडला : ‘बेडरिडन’. स्ट्रेचरवर आली, म्हणजे अंथरुणाला खिळलेली! अहो, आठ दिवसांपूर्वी पोळ्याला तिनं अंगणात सडा टाकला होता, बैलांना ओवाळलं होतं. भावाला कुणी विचारलंच नाही. त्या एका शब्दानं पुढचं सगळं ठरलं. लघवीची नळी, डायपर, खाटेचे कठडे वर. तिला कुणी बसवलं नाही, कारण खिळलेल्या बाईला कशाला बसवायचं? चष्मा आणि कवळी घरी, पिशवीत. चौथ्या रात्री ती मेलेल्या बहिणीशी बोलायला लागली. आपल्याकडे म्हणतात, वात झाला, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम, डेलिरियम. झोपेचं इंजेक्शन दिलं, हात कठड्याला बांधले. मी पोहोचलो तेव्हा तिनं मला ओळखलं, पण तिला उठून बसता येईना. घरी आली, तीही दोन माणसांच्या खांद्यांवर. अंगणात एकटी ती पुन्हा कधी गेली नाही. तो केसपेपर मी अजून जपून ठेवलाय.

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं.

तर पद्धत. कॅनडाच्या रॉकवूड यांच्या गटानं २००५ मध्ये हे थकणं मोजायची एक मापपट्टी दिली, तेव्हा ७ पायऱ्यांची, नंतर ९ झाल्या. १ म्हणजे ठणठणीत. ५ वर पैशाचा व्यवहार, औषधं, बाहेर जाणं यांत मदत लागते. ६ वर अंघोळीतही लागू शकते. ७ वर स्वतःचं सगळंच दुसऱ्यावर. मुख्य नियम एवढाच : आजची अवस्था मोजायची नाही, दोन आठवड्यांपूर्वीची मोजायची. “पंधरा दिवसांमागं शेळ्यांमागं जात होते का? अंघोळीचं पाणी कोण काढायचं?” दोन मिनिटांत आकडा येतो. पट्टी ६५ च्या पुढच्यांसाठी आहे. लहानपणापासून पोलिओ असलेल्याला ती लावू नका, त्याचं लंगडणं म्हणजे थकणं नव्हे.

आकडा मोठा आला म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. जास्त लक्ष कुठं द्यायचं, ते तो सांगतो : गोळ्यांची यादी तपासा, नळी लवकर काढा, जमेल त्या दिवशी खुर्चीत बसवा. वात बडबडणाराच असतो असं नाही. गप्प, झोपाळू पडलेल्यालाही असतो, आणि तोच आपल्या नजरेतून सुटतो. त्यासाठी ४एटी ही छोटी चाचणी आहे. तिच्यात वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल विचारतात. जन्मतारीख कधीच माहीत नव्हती, तर ती चुकली म्हणून वात ठरवू नका. कालपर्यंत बोलणं कसं होतं ते घरच्यांना विचारा.

आणि नातेवाइकांनो, रात्री कितीही घाई असो, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि काठी जीपमध्ये टाका. पंधरा दिवसांपूर्वी माणूस काय करत होता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगा, आणि केसपेपरवर लिहून होईपर्यंत तिथून हलू नका.