बेंबी सरकत नाही

(दृश्य: तपासणीच्या टेबलावर मुलगा, तळहात पोटावर)

कुठे दुखतंय, असं विचारल्यावर या मुलाने बोट ठेवलं नाही. अख्खा तळहात बेंबीभोवती फिरवला. अशा वेळी घरोघरी ‘बेंबी सरकली’ म्हणतात आणि तेल लावून पोट चोळायला बसतात. बेंबी जागच्या जागीच असते. दुखत असतं ते आतडं.

(दृश्य: मॉडेलमधून आतडी बाहेर काढताना)

हे लहान आतडं. खऱ्या माणसात साधारण 6 मीटर. गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचं वेटोळं पोटात मावेनासं होतं आणि नाळेत उतरतं. दहाव्या आठवड्याच्या आसपास ते परत आत येतं, आणि या सगळ्यात एकूण 270 अंश फिरतं. त्या फिरण्यातच अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी बोटासारखी नळी, उजवीकडे खाली जाऊन बसतं. मज्जातंतू मात्र तेच राहतात. ते मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच बेंबीच्या कातडीचेही पोचतात. मेंदूला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून उजवीकडचं अपेंडिक्स सुरुवातीला बेंबीपाशी दुखतं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं दुखणं बेंबीच्या खाली जाणवतं.

आतड्याला कापलेलं, भाजलेलं कळत नाही. फुगलं, ताणलं की कळतं.

(दृश्य: पोटावर मार्करची रेघ)

कमरेच्या हाडाचं हे उजवीकडचं पुढचं टोक. इथून बेंबीपर्यंत रेघ, तिचे तीन सारखे भाग. हाडाकडचा पहिला भाग संपतो, तो मॅकबर्नीचा बिंदू. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी तो 1889 मध्ये दाखवला. अपेंडिक्सची सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं काही तासांत इथे येतं. त्या अस्तराला जागा नेमकी कळते. आता मुलगा एकच बोट ठेवतो. पोटात नुसता मुरडा असेल तर माणूस तळमळतो. अस्तर सुजलं की निपचित पडून राहतो, कारण खोकलं तरी कळ येते.

सगळ्यांचं असंच होत नाही. अपेंडिक्स आतड्यामागे असेल तर कुशीत दुखतं. ओटीपोटात उतरलेलं असेल तर जुलाब होतात, लघवीला जळजळतं, आणि निदान चुकतं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटरचं दार)

एरंडेल पाजलं, पोट चोळलं, तर अपेंडिक्स फुटू शकतं. फुटल्यावर दुखणं थोडा वेळ कमीही होतं.

दुखणं उजवीकडे खाली आलं की खायला देऊ नका, त्याच दिवशी सर्जनकडे न्या. कधी सुरू झालं, आधी कुठे होतं, आता कुठे आहे, हे वेळेसकट सांगा.