अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं?

(तालुक्याच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरवून संपादित)

अध्यक्ष, कार्यवाह आणि एवढ्या थंडीत घर सोडून आलेल्या मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'प्रादेशिक विद्यापीठाचं ध्येय : काल आणि उद्या'. कुठलं विद्यापीठ, ते छापायची गरज कार्यवाहांना वाटली नाही, आणि बरोबरच आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या पदवीवर 'शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर' असं लिहिलंय? हात वर करा बघू. झालं, मोजायला नकोच. मागच्या रांगेतल्या अक्कांचाही हात वर आहे. कुठल्या साली, अक्का? एकोणसत्तर! मग तुम्हीच इकडं या, मी तिथं बसून ऐकतो. नाही म्हणताय? बरं, मग काही चुकलं तर तिथूनच सांगा.

'काल'पासून सुरू करतो. १८ नोव्हेंबर १९६२, रविवार. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते आपल्या विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी तिकडं लडाखमध्ये, रेझांग ला खिंडीत, मेजर शैतान सिंग आणि कुमाऊँ रेजिमेंटचे त्यांचे जवान चिनी सैन्याशी लढत होते. कोल्हापुरात तेव्हा हे कुणाला माहीत असणार? त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री झाले. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळं तारखा शेजारी शेजारी मांडायची सवय आहे. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला दर वेळी भरून येतं. देश युद्धात होता, तरी आपल्या भागातली पोरं एम.ए. कुठं करतील, हा प्रश्न कुणी पुढच्या वर्षावर ढकलला नाही.

त्याआधी काय होतं? कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० चं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. शिकवणं इथं, पण परीक्षा आधी मुंबई विद्यापीठाची आणि १९४९ नंतर पुण्याची. त्याच्या पुढं शिकायचं तर ट्रंक उचलायची आणि पुण्याची गाडी धरायची. ज्याच्या घरी दर महिन्याला मनिऑर्डर करायची ऐपत होती, तो गेला. बाकीचे बी.ए. होऊन गावच्या शाळेत लागले, नाहीतर शेतावर परतले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी कोल्हापुरात विद्यापीठ व्हावं ही कल्पना किती आधी मांडली होती! हा माणूस मूळचा पंजाबकडचा. शिवछत्रपतींचं चार खंडांतलं चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि १९४० साली ते गेले. विद्यापीठ बघायला ते राहिले नाहीत. सुरुवात झाली तेव्हा संलग्न महाविद्यालयं होती ३४ आणि विद्यार्थी सुमारे १४ हजार. सोलापूरही तेव्हा आपल्यातच होतं, ते २००४ साली वेगळं विद्यापीठ झालं. आज आपल्याकडं कोल्हापूर, सांगली आणि सातारा.

आणि जागा कुठली मिळाली, तर सागरमाळ! ८५३ एकर. नावात सागर, पण मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसता माळ होता. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं की वारा कानात शीळ घालायचा. आज तिथं तळी आहेत, विहिरी आहेत, मोर आहेत. परिसरात पडणारं पावसाचं पाणी अडवून साठवायला विद्यापीठ शिकलं. २०१९ च्या महापुरात शहराच्या चारी अंगाला पाणीच पाणी आणि नळ कोरडे, तेव्हा या माळावरून टँकरनं शहराला पिण्याचं पाणी गेलं. माझ्या पिढीनं त्या माळावर रोपांना डब्यानं पाणी घातलंय. त्या बातमीचं कात्रण मी अजून पाकिटात ठेवलंय. दाखवतो नंतर.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते विद्यापीठाचं ध्येय मुद्रेवर लिहिलेलं आहेच, 'ज्ञानमेवामृतम्'. पण त्या ध्येयाचं रोजचं रूप बघायचं तर ते तिथल्या एका वसतिगृहाच्या हजेरीपटात सापडतं. डॉ. आप्पासाहेब पवार विद्यार्थी भवन. 'कमवा आणि शिका', म्हणजे गरजू पोरानं विद्यापीठातच काम करून शिकायची योजना.

ही कल्पना आली कुठून, ते थोडं सांगितलंच पाहिजे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुलं, सगळ्यांसाठी. महाराजांनी जागा दिली, पैसा दिला, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहायचा. मिस क्लार्क होस्टेल हे अस्पृश्य मुलांचं वसतिगृह. त्याच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर अंघोळ करून आत ये म्हटल्यावर त्यानं नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. मग शाहू महाराजांनीच त्याला जवळ केलं. हाच मुलगा पुढं कर्मवीर झाला. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था, मग साताऱ्याचं बोर्डिंग. पोरांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पण कर्मवीरांनी एक गोष्ट महाराजांच्या पुढं नेली. ते म्हणाले, फुकट घ्यायचं नाही. पोरानं शेतात राबायचं, विहीर खोदायची, स्वतःची भाकरी स्वतः कमवायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढून त्यांनी हे महाविद्यालयापर्यंत आणलं.

आपले पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीचं एक तप त्यांनी विद्यापीठ चालवलं. ते मोठे इतिहासकार. त्यांनी हीच गोष्ट एम.ए., एम.एस्सी.च्या पायरीवर नेली. म्हणजे बघा, दान झालं, त्याचं काम झालं, आणि ते काम विद्यापीठाच्या दारातून आत गेलं. तीन माणसं आणि साधारण सत्तर वर्षं.

मी त्या भवनात १९७४ च्या जूनमध्ये दाखल झालो. आमचं गाव आटपाडीच्या पूर्वेला, पावसाची वाट बघण्यातच वर्ष जाणारं. बाहत्तरच्या दुष्काळात आई-वडलांबरोबर मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. उन्हात खडीचा ढीग, मोजमाप घ्यायला येणारा मुकादम, आठवड्याचं धान्य. तळहाताची घट्टं गेलेली नव्हती, तोवर मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळालं. रोज तीन तास. पहिल्या दिवशी हातात दिलं एक फडकं. तिथल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी सांगितलेलं मी आयुष्यभर पाळलं. ते म्हणाले, "पुस्तक पुसलं की नाव बघायचं, लेखक बघायचा, अनुक्रमणिका बघायची, मग जागेवर ठेवायचं. नुसतं पुसलं तर निम्मंच काम झालं."

दोन वर्षांत किती अनुक्रमणिका वाचल्या असतील, सांगा! शिडीवर उभं राहून एकदा 'ताराबाईकालीन कागदपत्रे'चा खंड पुसत होतो. आत पाहिलं तर संपादक डॉ. आप्पासाहेब पवार. ज्यांच्या योजनेमुळं हातात फडकं आलं, त्यांच्याच पुस्तकावरची धूळ मी झाडत होतो. त्या दिवशी ठरवलं, आपण मराठ्यांच्या इतिहासातच काम करायचं. माझ्या विषयाची निवड त्या शिडीवर झाली. पुढं मला नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही लिहायला दिली, मग तालिकेची, म्हणजे पुस्तकं शोधायच्या यादीची, कार्डं. अक्षर बरं होतं म्हणून. त्याच वर्षी १ डिसेंबरला मुख्य इमारतीसमोरच्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण यशवंतरावांनी केलं. खेडकरांनी घडवलेला तो पुतळा आम्ही गर्दीतून टाचा उंचावून पाहिला आणि संध्याकाळी परत कामावर हजर झालो.

आता जे सांगणार आहे ते मी अनेक ठिकाणी सांगितलंय, ज्यांनी ऐकलंय त्यांनी परत ऐका. एम.ए. झालो, पहिला वर्ग मिळाला. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या महाविद्यालयात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. एस.टी.नं रात्रभर प्रवास, स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट पिशवीतून काढून तिथंच बदलला. अर्जात 'अनुभव' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं : 'विद्यापीठ ग्रंथालयात दोन वर्षे काम.' समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, काम म्हणजे नेमकं काय? मी सांगितलं, पुस्तकं पुसणं, लावणं, नोंदवही लिहिणं, कार्डं करणं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, हा अनुभव नव्हे. ही गरिबी झाली."

बाकीचे हसले. मला त्यांच्या हसण्याचा राग नाही आला. राग याचा आला की माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी मान खाली घातली. परत येताना गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत मी तो रकाना मनात खोडत होतो आणि परत लिहीत होतो. घरी आल्यावर आईला काय सांगायचं? तिनं खडी फोडली ती गरिबी होती, मान्य. पण त्या ग्रंथालयात मी जे शिकलो, ती गरिबी कशी? एखादं पुस्तक कुठं सापडेल, कुठल्या काळावर कुणी लिहिलंय, कुठल्या कागदाचा संदर्भ कुठं मिळेल, हे वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. पुढं एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षं शिकवलं. माझे विद्यार्थी मला विचारायचे, सर, तुम्हाला कपाट न उघडता पुस्तकाचं पान कसं आठवतं? तो अनुभव नव्हे तर काय?

त्या गृहस्थांना द्यायचं उत्तर मला सुचलं, पण फार उशिरा. उत्तर असं, की काम गरिबाला दिलं म्हणून ते गरिबीचं ठरलं. उत्पन्नाचा दाखला बघूनच काम द्यायचं, हाच घोटाळा आहे. तालेवार घरातलं पोरही माझ्याबरोबर त्या शिडीवर चढलं असतं, तर त्या रकान्याला कुणी हसलं नसतं. कर्मवीर तेच सांगत होते. श्रम ही गरजूची सोय नाही, तो शिक्षणाचाच भाग आहे. आपण योजना ठेवली आणि तो विचार हळूहळू बाजूला सारला.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. दहा मिनिटं. म्हणजे 'उद्या' राहिलाच की. घाईनं सांगतो.

नव्या शैक्षणिक धोरणात कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प, समाजाशी जोडलेलं काम, या सगळ्याला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, आहेत. प्रात्यक्षिक कामाच्या साधारण तीस तासांना एक क्रेडिट धरतात. आमचे रोजचे तीन तास धरले तर दहा दिवसांत एक, चाळीस दिवसांत चार. मग पोरं त्या चार क्रेडिटांसाठी दाखला द्यायला तयार असलेली कंपनी शोधत शहरभर का हिंडतात? आपल्याच परिसरात ग्रंथालय आहे, छापखाना आहे, बाग आहे, तळी आहेत, प्रयोगशाळा आहेत, परीक्षा विभाग आहे. माझं म्हणणं, 'कमवा आणि शिका' सर्वांना खुलं करा. उत्पन्नाची अट काढा. मोबदला सगळ्यांना द्या, गरजूला जास्त दिवस द्या. आणि गुणपत्रकावर छापा : 'काम : ग्रंथालय, १२० तास'. मग कुणाची हिंमत होईल चष्मा काढायची?

एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. विद्यार्थ्यांना कामाला लावून कर्मचाऱ्यांच्या रिक्त जागा तशाच ठेवायच्या, असं होऊ शकतं. ते होता कामा नये. ज्यांनी मला अनुक्रमणिका बघायला शिकवलं ते कायम नोकरीत होते म्हणूनच शिकवू शकले. आधी जागा भरा, मग त्यांच्या हाताखाली पोरं द्या.

आणि हे फक्त कोल्हापूरच्या माळावर नको. संलग्न महाविद्यालयात बसलेल्या मुलीला, जिला घरून एस.टी.चा पास एवढंच मिळतं, तिला तिच्याच गावच्या कॉलेजात हे तीन तास मिळाले पाहिजेत. आमच्या भवनात सगळी पोरंच होती. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती, ती सातवीनंतर घरी बसली. त्यावर बोलायला वेगळं व्याख्यान लागेल.

ग्रामीण ज्ञान, स्थानिक इतिहासाची साधनं, मोडी वाचणारे हात, असे तीन मुद्दे लिहून आणले होते. त्यातला मोडीचा एकच सांगतो : या तालुक्यात जुन्या वाड्यांमधून रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, ते वाचायचं कामसुद्धा याच तीन तासांत बसतं. बाकीचं राहू दे.

कुलगुरूंना द्यायचं निवेदन मी लिहून आणलं आहे, दीड पानाचं. दाराशी टेबलावर ठेवलंय, पेनही आहे. वाचून पटलं तरच सही करा. अक्का, तुमची पहिली घ्यायची आहे, म्हणून वरची ओळ मोकळी ठेवली आहे. आणि पावणेनऊची गाडी ज्यांना धरायची आहे, त्यांना आधी पुढं येऊ द्या.