मसाल्याच्या पाकिटावरचं नाव आपल्या नावावर करताना

मगाशी एका ताईंनी विचारलं की शॉप ॲक्ट आहे, फूडचं लायसन्स आहे, जीएसटी पण आहे, मग नाव आपलंच झालं ना? नाही झालं. ती सगळी धंदा करायची परवानगी, नावाचा हक्क वेगळा. तो १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली मिळतो आणि अर्ज घरी बसून ऑनलाइन भरता येतो. फॉर्म टीएम-ए, सोबत डिजिटल सिग्नेचर, म्हणजे कॉम्प्युटरवरून करायची सही, लागते. एकटा माणूस किंवा छोटा उद्योग असेल तर फी ४५०० रुपये, छोट्या उद्योगाने उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद, जोडायचं, मोठ्या कंपनीला ९०००.

पण ही फी एका क्लासची, म्हणजे वस्तूंच्या एका गटाची बरं का, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ क्लास आहेत. मसाला ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, म्हणजे एकाच ओट्यावर भरलेल्या दोन बरण्या पण क्लास दोन आणि फी दोनदा, आणि उद्या खानावळ काढली तर तिचा क्लास ४३. त्यामुळे आज जे खरंच विकताय ते आधी घ्या.

आता नाव. "कोल्हापुरी कांदा लसूण मसाला" असं नाव घेऊन बरेच जण येतात, ते मिळणं जवळजवळ अशक्य आहे कारण त्यात फक्त गाव आणि वस्तू आहे. मला विचाराल तर हे बरोबरच आहे, ते एकीला दिलं तर कोल्हापुरातल्या बाकीच्या बायकांनी आपल्या पाकिटावर काय लिहायचं? आणि अन्नपूर्णा, गृहलक्ष्मी असली नावं सर्चला टाकून बघा, ट्रेडमार्क ऑफिसच्या सरकारी साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, त्याच नावाच्या आधीच्या अर्जांची रांगच्या रांग दिसेल. सर्च करताना उच्चाराचा पर्याय पण वापरा, कारण स्पेलिंगमध्ये एक ए जास्त घातला म्हणून नाव वेगळं होत नाही, कानाला सारखं लागलं की हरकत येते.

फॉर्ममध्ये एक जागा आहे, नाव कधीपासून वापरताय. सायबर कॅफेवाला घाईत "पुढे वापरणार" टिक करतो आणि तुम्ही मात्र आठ वर्षं त्याच नावाने विकताय! असं करू देऊ नका, ती आठ वर्षंच तुमची ताकद आहे. जुनी बिलं, पाकिटाच्या छपाईची पावती, जत्रेतल्या स्टॉलची पावती, जे असेल ते शोधा आणि ॲफिडेव्हिटसोबत जोडा, त्या नावाने आधीपासून धंदा करणाऱ्याला कायदा मान देतो.

अर्ज गेला की पाकिटावर नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्क) लिहिता येतं, गोलातला आर, म्हणजे रजिस्टर्डची खूण, मात्र रजिस्ट्रेशन झाल्यावरच. पुढे ट्रेडमार्क ऑफिसकडून तपासणीचा रिपोर्ट येतो, त्यात हरकत असेल तर उत्तराला ३० दिवस, मग नाव ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि ४ महिने कुणालाही विरोध करता येतो, नाही केला तर १० वर्षांचं रजिस्ट्रेशन, तेही अर्जाच्या तारखेपासून मोजून.

आणि तपासणीचा हा रिपोर्ट ईमेलवर येतो. एजंटने फॉर्ममध्ये स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, त्याने बघितला नाही तर तुम्हाला पत्ता नाही, ३० दिवस गेले आणि उत्तर नाही म्हणून अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणून अर्जाचा नंबर स्वतःकडे लिहून ठेवा आणि दर महिन्याला साइटवर स्टेटस स्वतः बघा.