खांदा दुखायलाय

(अंबाजोगाईत एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आत्ता माझी ओळख करून देताना 'ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी' असं म्हणाले. मी ग्रामसेवक होतो. गावातले लोक 'भाऊसाहेब' म्हणायचे आणि पाठीमागं काय म्हणायचे ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. नेतृत्वावर बोलायला बोलावलंत, पण नेता मी फार जवळून पाहिला तो एकाच जागी. ती जागा म्हणजे प्रोसिडिंग बुकातली, ग्रामपंचायतीच्या बैठकीचे ठराव लिहायच्या वहीतली, सहीची रेघ.

आधी एक कबुली देतो. २४ एप्रिल १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींमधल्या एक तृतीयांश जागा बायकांना, सरपंचपदं धरून. २०११ मध्ये आपल्या राज्यानं ते प्रमाण निम्म्यावर नेलं. कागद बदलला. मी बदललो नाही. सरपंच बाई असली तरी मी प्रोसिडिंग काखेत मारून तिच्या नवऱ्याकडं जायचो. तो खाटेवर बसून चहा सांगायचा, बुक आत जायचं आणि सही होऊन बाहेर यायचं. आत कोण आहे, ती वाचते का, हे मी कधी विचारलं नाही. माझं काम अर्ध्या तासात उरकायचं. 'सरपंच पती' म्हणून आपण नवऱ्यांना हसतो, पण त्या पतींना कारभारी बनवण्यात आम्हा सरकारी माणसांचाही हात होता.

डोळे उघडायची संधी मला आधीच मिळाली होती. त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या भिंती आणि वरून माळवदाचं ओझं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. भिंतीला पट्टा कुठं घ्यायचा, अनुदानाचा पुढचा हप्ता का अडला, हे त्या गावाला समजावून सांगायच्या. ज्यांनी चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या इंजिनिअरला प्रश्न विचारत होत्या. मी ते पाहिलं, नवल केलं, आणि माझ्या गावात परत येऊन प्रोसिडिंग घेऊन पुन्हा त्या खाटेकडंच गेलो.

वरच्या पायरीची यादी तुम्हाला पाठ आहे. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. मराठवाड्यानं चार मुख्यमंत्री दिले, चारही पुरुष. केशरकाकू क्षीरसागर बीडमधून १९८०, १९८४ आणि १९९१ ला लोकसभेत गेल्या, तरी १९६० पासून आजपर्यंत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीत बाई बसलेली नाही. त्याही मागं जायचं तर धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. मुक्तिसंग्रामात रझाकारांच्या विरोधात उभी राहिलेली बाई. त्यांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण अशा माणसाला रात्री-अपरात्री कुणीतरी कडी काढून घरात घेतलंच असणार ना? भाकरी वाढली असणार. त्या घरांची यादी कुठं आहे? मला बोलायचंय ते या घरांबद्दल.

२००७ च्या सुमाराची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. सात सदस्यांची ग्रामपंचायत. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेला सुटलेलं. निवडून आल्या त्या मावशी रोजानं खुरपायला जायच्या. नवरा वारलेला, त्यामुळं माझी चहाची खाटच गेली! बुक घेऊन थेट मावशींकडं जावं लागलं. मी म्हणालो, "इथं अंगठा द्या."

मावशी म्हणाल्या, "काय लिवलंय ते वाचा की ओ भाऊसाहेब."

वाचलं. मारुतीच्या देवळामागं बोअर पाडण्याचा ठराव, सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते म्हंजी कुणाच्या मतानं?"

चौदा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ती बैठक झालीच नव्हती, मंडळी. मी ती घरी बसून लिहिली होती.

मग बैठका खऱ्या व्हायला लागल्या. खऱ्या बैठकीला दिवस मोडतो आणि दिवस मोडला की मावशींचा रोज बुडतो. तेव्हा बाईचा रोज पन्नास रुपये. सरपंचाचं मानधन कधी यायचं ते मला विचारा, मीच वाटायचो. तरी मावशी एकही बैठक चुकवायच्या नाहीत. हे कसं जमतं, ते मला एकदा तुरीच्या रानाकडून जाताना कळलं. सात-आठ बायका ओळीनं खुरपत होत्या आणि मधली एक पात रिकामी. पात म्हणजे एकेकीच्या वाटणीची ओळ, शहरातल्यांसाठी सांगतो. दोन्हीकडच्या बायका आपली पात काढता काढता हात लांबवून ती मधली पातही काढत होत्या. मुकादमिणीनं हजेरीत मावशींचं नाव लावलेलं. मालक बांधावर उभा होता. त्याला मोजता येत नव्हतं असं नाही.

मी विचारलं, "हे किती दिवस चाललंय?"

एकजण मान वर न करता म्हणाली, "तुमच्या मिटिंगी किती झाल्या?"

बोअर शेवटी वस्तीजवळ पडला. पाणी लागलं. आणि पाणी लागल्यावर अविश्वास ठराव आला, तेही ओघानंच. आता इथं कायदा समजून घ्या. तेव्हा एरवी सरपंचाला काढायला दोन तृतीयांश मतं लागायची, पद महिलेसाठी राखीव असलं तर तीन चतुर्थांश. सातामध्ये दोन तृतीयांश म्हणजे पाच, तीन चतुर्थांश म्हणजे सहा. सरपंच स्वतः त्या सातांत. म्हणजे मावशींना काढायचं तर बाकीच्या सहाही जणांनी हात वर करायला हवा. कायदा करणाऱ्यानं एवढीच सोय ठेवली होती: बाईच्या बाजूला एक माणूस उरला तरी पुरे. तो माणूस कुठून आणायचा, हे काही कायद्यात लिहिलेलं नसतं.

तहसीलदारसाहेब अध्यक्ष. हात वर करायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावे एक म्हातारे सदस्य, दोन वर्षांत बैठकीत तोंड न उघडलेले. ठराव आणणारा त्यांचाच पुतण्या. दोन्ही हात काठीवर ठेवून बसलेले. पुतण्या म्हणाला, "तात्या, हात."

तात्या म्हणाले, "खांदा दुखायलाय."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला खांदाच दुखत होता. मी प्रोसिडिंगात लिहिलं: आवश्यक मते ६, मिळालेली मते ५, ठराव नामंजूर. पुतण्यानं पुढच्या निवडणुकीत तात्यांना पॅनलमधून काढलं.

त्या बैठकीनंतर आठवड्याभरानं मी सकाळी मोटरसायकलवरून गावात शिरत होतो. समोरून तात्या येत होते, त्याच खांद्यावर कडब्याच्या पाच-सहा पेंढ्या. माझी नजर खांद्यावर गेली ती त्यांनी पाहिली. मी राम राम घातला. त्यांनीही घातला, पेंढ्या जरा सारख्या केल्या आणि गोठ्याकडं वळले.