ड्रमभोवतीचं पांढरं वर्तुळ म्हणजे डीडीटी नाही! ऐका जरा

हां, नमस्कार मंडळी. लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रतळावर पडलेल्या, भोवती पांढरं वर्तुळ असलेल्या त्या ड्रमांचा फोटो तुम्ही लोक मला इतका फॉरवर्ड करताय की शेवटी कॅमेरा लावलाच. बेसिक पटकन उरकतो: 1930च्या दशकापासून 1970च्या सुरुवातीपर्यंत तिथे कारखान्यांचा कचरा समुद्रात टाकायचे, 2021 मध्ये स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेने सोनार (आवाजाच्या लहरींनी तळ बघायचं यंत्र) फिरवला तर ड्रमसारख्या 27 हजार वस्तू दिसल्या, पुढे त्यातल्या बऱ्याच महायुद्धाचा दारूगोळा निघाल्या. झालं.

आता ते पांढरं वर्तुळ. कमेंटमध्ये जो तो, "बघा दादा, डीडीटी गळतंय!" डीडीटी म्हणजे ते जुनं विषारी कीटकनाशक. अरे नाही गळत! 2025 च्या अभ्यासात तिथला चिखल तपासला, ड्रमच्या जवळ जाल तसं डीडीटी वाढतच नव्हतं. वाढलेला होता पीएच, म्हणजे पदार्थ आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 12च्या आसपास. म्हणजे ड्रमच्या आत अल्कली, आम्लाच्या अगदी उलट. आमची आजी पानाला चुना जरा जास्त लावायची आणि जीभ पोळायची ना, त्या जातीचा प्रकार.

मग पांढरं कुठून आलं? अल्कली बाहेर आली, समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियमशी जुळून ब्रुसाइट नावाचं खनिज बनलं आणि चिखलाचा चक्क दगड झाला. हे ब्रुसाइट अगदी सावकाश विरघळतं, त्यामुळे पीएच चढाच राहतो, आणि त्यातून कडेला कॅल्शियम कार्बोनेट साचतं. ते पांढरं. डीडीटी नाही!

अजून पटत नसेल तर तिथे जगतंय कोण ते बघा. चिखलातले नेहमीचे बॅक्टेरिया जवळपास गायब, आणि जे आहेत ते अल्कलीवाल्या गरम झऱ्यांत सापडतात त्यांचे भाऊबंद. आणि "समुद्र एवढा मोठा, विरघळून जाईल" म्हणणारे काका, पन्नास वर्षं उलटली, अजून पुरतं विरघळलं नाही.

डीडीटी तिथे आहेच हो, भरपूर आहे. पण लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्सच्या मॉन्ट्रोज या डीडीटी बनवणाऱ्या कंपनीचा आम्ल कचरा बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवरून, थेट पाण्यात ओतायचे, ड्रमबिम काही नाही. त्यामुळे "क्रेन लावा, ड्रम उचला" हा सल्ला देऊ नका प्लीज, डीडीटी चिखलात पसरलंय, ढवळलंत तर वर येईल.

आणि वर्सोव्याच्या ताई, तुमच्या बोंबलाचा या ड्रमांशी काही संबंध नाही. ठाण्याच्या खाडीतला चिखल आणि फ्लेमिंगो हा प्रश्न मात्र बरोबर आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, तोही पीएचपासूनच सुरू होणार नाही, घाबरू नका.