कच्च्या चालीचं ध्वनिमुद्रण : षड्ज आणि सम

मंडळी, चाल सुचली की फोन काढून गुणगुणून ठेवायची, हे आता सगळेच करतात. आठ दिवसांनी ते ऐकलं की मात्र पुष्कळदा चाल परकी वाटते. आवाज स्वच्छ असतो, शब्द कळतात, तरी सुचली होती ती ही नव्हे असं वाटत राहतं. याचं कारण फोनच्या दर्जात क्वचितच असतं. बहुतेक वेळा त्या ध्वनिमुद्रणात षड्जच, म्हणजे बाकी सगळे सूर ज्याच्या आधाराने मोजायचे तो सा, नसतो.

भूप रागाचे पाच स्वर घ्या : सा रे ग प ध. पेटीवर याच पट्ट्या ठेवून गंधाराला षड्ज माना, मालकंस उभा राहतो. पंचमाला षड्ज माना, दुर्गा होतो. धैवताला माना, धानी. पट्ट्या त्याच, राग चार. चाल सुचते तेव्हा षड्ज तुमच्या मनात पक्का असतो, म्हणून तो वाजवावा असं सुचतच नाही. फोनमध्ये मात्र गायलेलं तेवढंच उतरतं. मुखड्यात सा येतच नसेल, तर ऐकणारा ज्या स्वरावर ओळ टेकते त्यालाच सा धरून बसतो, आणि आठ दिवसांनंतर तो ऐकणारा तुम्हीच असता. शिवाय साथीशिवाय गाताना आवाज नकळत सरकतो. अंतऱ्यावरून परत येताना मुखडा थोडा उतरलेला असतो आणि मग कोणता सूर खरा धरायचा, हा पेच पडतो.

म्हणून आधी दहा सेकंद नुसता तानपुरा वाजू द्या आणि पट्टी तोंडाने सांगा : काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. तानपुऱ्याचं ॲप दुसऱ्या फोनवर लावा, कारण बऱ्याच फोनांवर रेकॉर्डिंग सुरू होताच दुसऱ्या ॲपचा आवाज थांबतो. गोंगाट कमी करण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. अखंड चालणारा सूर त्या यंत्रणेला पंख्याची घरघर वाटते आणि नेमका तानपुराच पुसला जातो. जुनी पेटी ॲपशी तंतोतंत जुळत नसेल, तर पेटीचाच सा धरा आणि तसं बोलून ठेवा.

समेचंही, म्हणजे तालाच्या पहिल्या, वजनाच्या मात्रेचंही, तसंच आहे. केरवा तालाच्या आठ मात्रांत पाचवीवर खाली, म्हणजे बिनवजनाची मात्रा, येते. तुमचा मुखडा पाचवीवरून उठत असेल आणि तुम्ही ठेक्याशिवाय गायलात, तर ऐकणारा पहिल्या अक्षरावर सम धरणार. मग अर्ध्या आवर्तनाने सगळंच उलटं पडतं : ज्या शब्दावर वजन हवं तो खालीच्या मात्रेवर जातो. गाण्याआधी ठेक्याची दोन आवर्तनं वाजवा, किंवा नुसती टाळी-खाली हाताने द्या, आणि सम कोणत्या अक्षरावर आहे ते बोला. लय मोजायला मेट्रोनोम नसला तरी चालतं. दोन आवर्तनांच्या सोळा मात्रांना ९.६ सेकंद लागले, तर लय मिनिटाला १०० मात्रांची.

आता फोन कुठे ठेवायचा ते सांगतो. पेटीवर ठेवू नका. पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा धक्का लाकडातून थेट माइकमध्ये जातो. शेजारी स्टुलावर जाड पंच्याची घडी घालून त्यावर ठेवा, तोंडापासून साधारण दीड-दोन फुटांवर. मुख्य माइक बहुधा चार्जिंगच्या खाचेजवळ असतो, ती कड तुमच्याकडे करा, पण श्वास सरळ तिच्यावर येणार नाही अशी थोडी तिरपी. तार सप्तकातली सगळ्यांत मोठी ओळ आधी गाऊन पाहा. आवाज फाटला तर फोन लांब न्या. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला दुरुस्त होत नाही. फोन विमान मोडवर ठेवा, म्हणजे अंतऱ्यात कोणाचा फोन येणार नाही.

ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. त्यांचा माइक चालू झाला की बऱ्याचदा फोन बोलण्याच्या दर्जावर उतरतो आणि वरचे नाद कापले जातात. आधीच्या मुद्रणावर दुसरा आवाज चढवताना तर ते मुळीच वापरू नका. आवाज कानात उशिरा पोचतो आणि तुम्ही लयीच्या मागे पडता. त्या कामाला तारेचे इअरफोन हवेत.

शब्द अजून नसतील तेव्हा ‘ला ला ला’ टाळा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यातून गीतकाराला लांब कुठलं आणि आखूड कुठलं ते कळत नाही. लघूला ‘ल’, गुरूला ‘गा’ म्हणत गा. ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ असं ऐकलं की मराठी गीतकार लगेच देवप्रिया वृत्त ओळखतो आणि २६ मात्रांत बसणारी ओळ लिहायला घेतो. चाल आधी आणि शब्द मागून, या पद्धतीत एवढी सोपी मदत दुसरी नाही.

मुखडा, अंतरा आणि मधला संगीताचा तुकडा वेगवेगळ्या फायलींत ठेवा. नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग पट्टी, ताल, लय आणि ओळीचे दोन शब्द. वर्ष पहिलं असलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. १२८ केबीपीएस (फाइलमध्ये दर सेकंदाला किती माहिती साठते त्याचं माप) ठेवलं तर मिनिटाला जेमतेम एक एमबी जागा लागते, तेव्हा जागेसाठी पर्यायी चाली पुसायचं कारण नाही.

संगीत संयोजकाला पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करू नका, तिच्यात आवाज फार दाबला जातो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, सोबत पट्टी आणि लय लिहून. त्यांच्याकडे चाल दीडेक पट्टी उतरलेली आणि संथ वाजली, तर ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) फाइल त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या ४४.१ च्या प्रकल्पात न बदलता घातली गेली आहे. ती आधी रूपांतरित करून मग ओढायला सांगा.