खिद्रापूर : स्वर्गमंडपापासून गजपीठापर्यंत

(दृश्य : उसाचे फड, कृष्णेचे वळण, गावात शिरणारा रस्ता)

कुरुंदवाड मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड लागतात, आणि कृष्णेचे वळण दिसू लागते तेव्हा महाराष्ट्राची हद्द संपत आलेली असते. शिरोळ तालुक्यातले खिद्रापूर हे त्या हद्दीवरचे गाव. नदीच्या पलीकडे कर्नाटक. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात उभे राहिलेले कोपेश्वराचे देऊळ आज गावातल्या घरांच्या इतके जवळ आहे, की दारातून आत पाऊल टाकेपर्यंत त्याच्या विस्ताराचा अंदाज येत नाही.

(दृश्य : स्वर्गमंडप, खालून वर)

येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा थांबतो तो या स्वर्गमंडपात, आणि थांबल्यावर मान आपोआप वर जाते. मंडपाला एकूण 48 खांब आहेत. त्यांपैकी आतले 12 वर्तुळात उभे असून, त्यांच्या माथ्यावरच्या तुळयांवर दगडाचे थर चढत गेले आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला आहे. दगडाच्या मागच्या टोकावर वरचे ओझे बसल्यामुळे पुढचे टोक कलंडत नाही, आणि एका वर्तुळातले दगड एकमेकांना खांदा देत राहतात. अशी वर्तुळे लहान होत जातात आणि शेवटी मधोमध एक शिळा बसवून छत मिटवले जाते, ही देवळांच्या छताची नेहमीची रीत. इथे मात्र वर्तुळ मिटलेलेच नाही. सुमारे 13 फूट रुंदीचे आकाश उघडे राहिले आहे, आणि त्याच्या बरोबर खाली गोल शिळा बसवलेली आहे. होमाचा धूर वर जावा म्हणून हा झरोका ठेवला, असे गावात सांगतात. छताचे काम अर्धवट राहिले, असेही एक मत आहे. झरोक्याच्या कडेला कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल कोरलेले पाहिले, की काम अर्धवट राहिले असेल यावर विश्वास बसणे कठीण जाते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या झरोक्यावर येतो, तेव्हा इथे मोठी गर्दी होते. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्याच्या समोरासमोर असलेला पौर्णिमेचा चंद्र साधारण तितकाच उत्तरेकडे असतो आणि खिद्रापूरच्या अक्षांशावर जवळजवळ माथ्यावर येतो. माघी पौर्णिमेलाही तो इथून फारसा दूर नसतो. आम्ही आलो ते दिवसा, त्यामुळे आमच्याकडे चंद्र नाही. ऊन आहे, आणि ते एकेका खांबावरून उतरताना कोरीवकाम जितके स्पष्ट दिसते, तितके ते चांदण्यात दिसणार नाही.

(दृश्य : सभामंडपातले खांब, अगदी जवळून)

सभामंडपातल्या अंधाराला डोळे सरावले की खांबांचे काम दिसू लागते. काळ्या दगडाच्या गोल खांबांवर एकाखाली एक अशी कंकणे आहेत. काही बोटभर जाडीची, तर काहींची कड सुरीच्या पात्यासारखी बारीक. दगड चरकावर फिरवून त्यावर हत्यार धरल्याशिवाय अशी सारखी कंकणे उतरत नाहीत. पाथरवटाचा हात एकदा जरी हलला असता, तरी त्या खांबाचे सगळे काम वाया गेले असते.

गाभाऱ्यात आम्ही कॅमेरा नेला नाही. आत दोन लिंगे आहेत : कोपेश्वर आणि धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकल्यावर कोपलेला शिव तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढणारा विष्णू तो धोपेश्वर, अशी कथा आहे. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून या देवळात नंदी नाही. तो नदीपलीकडे, बेळगाव जिल्ह्यातल्या यडूर गावी आहे, असे गावकरी सांगतात.

(दृश्य : दक्षिण दारालगतचा शिलालेख)

दक्षिण दारापाशी शके 1136चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा देवनागरी लिपीतला संस्कृत लेख आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा पराभव करून यादव राजा सिंघण याने हा मुलूख घेतला, आणि त्यानंतर देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिले, त्याची ही नोंद आहे. राज्य बदलले, तरी पूजा खंडित झाली नाही.

(दृश्य : देवळाची बाहेरची बाजू, गजपीठ)

बहुतेक पाहुणे स्वर्गमंडपात छायाचित्रे काढतात आणि आल्या वाटेने परततात. देवळाला बाहेरून वळसा घालणारे थोडेच, आणि खरे पाहण्यासारखे काम तर तिथे आहे. देवळाचा सगळा भार पाठीवर घेतल्यासारखी हत्तींची रांग भिंतीच्या तळाशी उभी आहे. त्यांची संख्या 92 सांगितली जाते. एकाची झूल दुसऱ्यासारखी नाही. कोणाच्या गळ्यात घंटांची माळ, कोणाच्या कपाळावर मोत्यांची जाळी, आणि पाठीवर देवता. मात्र अनेकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत, आणि तुटलेल्या जागी उघडा पडलेला दगड आता खडबडीत झाला आहे. 2005 आणि 2019 च्या महापुरांत कृष्णेच्या पाण्याने हे गाव वेढले होते.

या रांगेपुढे आम्ही दुपारभर थांबलो. ऊन कलले तेव्हा सावली आधी हत्तींच्या पायांवर आली, मग झुलींवर चढली, आणि शेवटच्या हत्तीच्या कपाळावरची जाळी अंधारात गेल्यावर आमचे चित्रीकरण थांबले.